लांबचं की जवळचं

अगं, मला स्पीकरवर टाकून भांडी काय घासतेस? फोन कानाशी धर बघू. माझ्या मोतीबिंदूच्या वेळचं सांगतेय.

डोंबिवलीच्या दवाखान्यात शेजारी एक गृहस्थ बसलेले, कळव्याहून आलेले. चष्मा माझ्यासारखाच, बाटलीच्या बुडाएवढा जाड. तो कपाळावर ढकलून शब्दकोडं अगदी नाकाला लावून सोडवत होते. "सोबत कोण?" मी विचारलं, तर छत्रीकडे बोट दाखवलं!

डोळे मोजणारी मुलगी म्हणाली, "आजोबा, एवढ्या मोठ्या नंबरात लेन्सचा हिशोब थोडा इकडेतिकडे होतो. आधी ठरवा, चष्म्याशिवाय लांबचं दिसायला हवं की जवळचं?"

"जवळचंच दे, बाळ. कोडं सुटलं म्हणजे झालं."

मी मध्येच बोलले, "अहो, लांबचं घ्या. कोण येतंय ते तरी दिसेल."

ते हसले. "ताई, येणारं असावं लागतं ना कोणी." आणि घडीचा रुमाल उलगडून पुन्हा तशीच घडी घालत बसले.

माझी पाळी आली. जन्मभर पुस्तक नाकाशी धरलेली मी, पण लांबचंच मागितलं. आता वाचायला चष्मा लागतो, पण गॅलरीतून सोसायटीचं गेट स्वच्छ दिसतं. संध्याकाळी तिथेच बसते गं. या रविवारी ये ना. गेटात शिरलीस की लगेच ओळखीन तुला.