पाळण्यातला वरवंटा

घासून घासून कुंदा देवरेच्या हाताची सालं निघाली, पण ते प्रथिन काही हटेना. धुळ्यातल्या देवपूरच्या एका कॉलेजात शिकवायचं आणि उरल्या वेळात मुरड्याचा अमीबा वाढवायचा, असा तिचा पीएच.डी.चा संसार. अमीबा म्हणजे एकाच पेशीचा जीव. साखर फोडणारं एक प्रथिन त्याच्या पोटात असतं. कुंदाला मात्र ते दर वेळी बाहेर, कातडीवर सापडायचं.

"पेशी फुटताहेत, आतला माल बाहेर सांडतोय," मार्गदर्शक शिसोदे सर म्हणाले. "दिवाळीपर्यंत हेच चाललं, तर विषय बंद."

कुंदालाही ते पटलं, आणि तो सांडलेला माल काढायला ती अमीबा पुन्हा पुन्हा धूत राहिली, भांडी घासत राहिली. खानदेशी बाईला डाग दिसला की हात आधी घासणीकडे जातो! त्यात तिच्या सासूबाई लिलाबाई "सात वर्षं झाली, किडेच पाळते," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. ते जिव्हारी लागायचं.

अशात दोंडाईच्याला भाचीचं बारसं निघालं. पाळण्यात बाळाच्या आधी निजला टोपडं घातलेला वरवंटा.

"आत्या, चटणीचा वरवंटा अन् पाळण्यात?" कुंदानं थट्टा केली.

"त्याले काय व्हयनं वं?" नर्मदाआत्या म्हणाल्या. "रोज चटणी वाटस, आज पाळनामा निजस. दोन्ही कामं त्यानाच शेतस."

कुंदाच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. वरवंटा काही पाळण्यात सांडलेला नव्हता, कामासाठी आणून ठेवला होता!

धुळ्याला परतल्यावर तिनं घासणं थांबवलं आणि वेगळाच प्रश्न विचारला: हे प्रथिन बाहेर येऊन करतं काय? आतड्याच्या अस्तरातला पदार्थ काचेवर पसरून तिनं त्यावर जिवंत अमीबा सोडले. ते घट्ट चिकटले. मग दुसऱ्या काचेवर सोडण्याआधी अमीबांच्या कातडीवरचं तेवढं एकच प्रथिन प्रतिपिंडांनी झाकलं. यातले बहुतेक अमीबा पाण्यात नुसते तरंगत राहिले.

शिसोदे सर सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. "मेलेत का हे?"

"नाही सर. ठणठणीत आहेत. फक्त धरायला हात उरला नाही."

सर हसले. "विषय बंद नाही बाई, आता कुठे उघडला."

कुंदा तिथल्या तिथे टाळ्या पिटत रडली.

पुढच्या बारशाच्या आधी पदवी हातात आली होती. या वेळी बारसं कुंदाच्या धाकट्या दिराच्या मुलाचं, घरातच. बायका पाळण्याभोवती जमल्या. लिलाबाईंनी वरवंट्याला टोपडं चढवलं आणि सगळ्यांना बाजूला सारून तो कुंदाच्या हातात दिला.

"पहिले तूच ठेव वं, डाक्टरीनबाई."