चढ नसलेला किल्ला

सत्त्याऐंशी साली आम्ही अटलांटाहून गाडी हाकत फ्लॉरिडातल्या सेंट ऑगस्टिनला गेलो, ते आईसाठी. पुढच्या गुरुवारी ती भारतात परतणार होती. साताऱ्याची बाई, सहा महिने मॉल बघून विटली होती. "एखादा किल्ला असला तर दाखव बाबा," म्हणाली. आणि तिथे पोचल्यावर मीच तिला मोटेलवर ठेवलं.

"आई, किल्ला आहे. तुझ्या गुडघ्यांना चढ झेपायचा नाही."

तिने आमच्यासाठी दशम्या बांधून दिल्या.

जाड बूट, काठी, दोन लिटर पाणी अशा थाटात मी निघालो. बारा वर्षांची मीना म्हणाली, "बाबा, यू लुक रिडिक्युलस." ती दहा पावलं मागे राहून चालली.

जुनं गाव स्पॅनिश लोकांनी वसवलेलं. अरुंद गल्ल्या, रस्त्यावर झुकलेले लाकडी सज्जे, कोकीनाच्या (शिंपल्यांच्या दगडाच्या) भिंती. एका दुकानातल्या बाईंचे पूर्वज भूमध्य समुद्रातल्या बेटावरून आलेले. त्यांनी दातिल (इथली बुटकी पिवळी मिरची) पुढे केली. "जपून हं," म्हणाल्या. मिरची, आणि आम्हाला शिकवता? मी अख्खी चावली. दोन लिटर पाणी तिथेच संपलं.

गल्ली संपली, वेशीचे दोन दगडी खांब आले. किल्ला बघायला मी सवयीने मान वर केली. वर नुसतं आकाश! किल्ला समोर, हिरवळीवर, समुद्राच्या पातळीला बसलेला. शेजारी पार्किंग. एक गृहस्थ बायकोची चाकांची खुर्ची ढकलत खंदकावरच्या पुलावरून आत निघाले होते.

"अहो," सुनंदा, माझी बायको, हळूच म्हणाली, "आईंना इथे काय झालं असतं?"

किल्ला तासाभरात बंद होणार होता. सकाळी लवकर आम्हाला निघायचं होतं. काठी मीनाच्या हातात देऊन मी त्याच गल्ल्यांतून उलटा पळत सुटलो. मोटेलच्या खोलीला कुलूप! मी काउंटरकडे धावलो.

मोटेलचे मालक जयंतीभाई काउंटरवरून म्हणाले, "बा तो मारी वाइफ साथे गया. किल्लो जोवा." (आई माझ्या बायकोबरोबर किल्ला बघायला गेली.) खाडीच्या रस्त्याने, गाडीतून.

पुन्हा पळालो. आई तटावर, तोफांजवळ उभी होती. म्हणजे आतला दगडी जिना ती चढली होती! पदर वाऱ्यावर, नजर समुद्रावर. मी धापा टाकत तिच्याजवळ पोचलो.

"अरे, एवढा धापतोस कशानं?" ती म्हणाली. "इथे चढ कुठाय?"

दुसऱ्या दिवशी परतताना ती मागच्या सीटवर शांत झोपली होती. मी मात्र चारशे मैल स्वतःला सांगत राहिलो की मला तिच्या गुडघ्यांची काळजी होती. ते काही खरं वाटेना. खरं म्हणजे तिच्या पावलांनी चालायला मला वेळ नव्हता.