वकीलसाहेबांच्या कपाटातली माझी सही

आधी माझी तक्रार छापा, हारतुरे मग. माझी डिजिटल सहीची चावी अजून वकीलसाहेबांच्या लातूरच्या कपाटात हाय. आता सगळ्यांना जयभीम.

देविदासराव वकीलसाहेबांना पंचाहत्तरावं लागलं म्हणून हा गौरवग्रंथ. त्यांची माझी ओळख दुष्काळातली. देगलूरकडच्या आमच्या गावची मी सरपंच, शाळा दुसरीपर्यंत. माझ्या सहीची चावी, म्हंजी बोटाएवढा पेनड्राइव्ह, पंचायतीचा कॉम्प्युटरवाला खिशात घालून फिरायचा. म्हणे, "आजी, नवा जिल्हा होऊन राहिलाय, समद्या चाव्या एका जागी पायजेत." जिल्हा झाला न्हाई. माझ्या सहीनं टँकर मात्र कागदावर येऊन गेले. बाया घागरी घेऊन दारात उभ्या, "सरपंचीणबाई, पाणी कुठं मुरवलंत?"

साहेबांकडं गेले. गाऱ्हाणं ऐकायच्या आधी त्यांनी माठातलं पाणी दिलं. लातुरात तवा पाणी म्हंजी लई मोठी गोष्ट. मी विचारलं, "हे पाणी फीमधी धरणार का?" साहेब हसले. धरलं न्हाई.

साहेबांनी केस घातली. सुनावणीत कॉम्प्युटरवाला म्हणला, "चावी म्हंजी नुसता आकडा. आकड्याचा सातबारा असतो का? मग ही मालकीण कशी?"

साहेब म्हणाले, "आकड्याला मालमत्ता म्हणायचं का, यावर कायद्यात अजून वाद आहे. पण त्या आकड्यानं सही करायचा हक्क फक्त या बाईंचा. मालकी ठरली नाही म्हणून लबाडी माफ होत नाही."

कॉम्प्युटरवाल्याच्या खिशातली चावी टेबलावर आली. मी नवा पासवर्ड टाकताना साहेब भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. भिंतीला आरसा हाय का, ते मी बघून घेतलं. नव्हता.

मग पुरावा म्हणून चावी त्यांनीच ठेवली. मी पोच मागितली. "बाई, माझ्यावर विश्वास नाही?"

"साहेब, कॉम्प्युटरवालाबी हेच म्हणायचा."

राग न धरता त्यांनी पोच दिली. नातीनं वाचून दाखवली: एक पेनड्राइव्ह मिळाला. आतली सही कुणाची, त्याचं अक्षर न्हाई!

निकाल आपल्या बाजूनं लागला. यंदा पुन्हा विहिरी आटल्या, टँकरच्या मागणीवर माझी सही पायजे. फोन केला की ज्युनियर म्हणतात, साहेब सत्काराच्या गडबडीत हायत.

साहेबांनी शंभरी गाठावी. गुडघे, डोळे धड राहावेत, कपाट उघडायचं ध्यान राहावं. प्रकाशनाला मी पहिल्या रांगेत बसणार. चावी कुणाची, ते साहेबांनी स्वतः सांगावं, माझ्या हातात ठेवून. ज्युनियरनं मधी तोंड घालू नये.