शेजाऱ्याची खुर्ची

आमच्या तंजावुरच्या कॉलेजात भारत आणि शेजारी देश या विषयावर चर्चासत्र ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे असली कामं माझ्याच गळ्यात पडतात.

"सर, मुख्य वक्ते दिल्लीहून येताहेत, निवृत्त राजदूत. पण सभागृहात एखादा खराखुरा शेजारीही दिसायला हवा. मिळेल का कुणी?"

मिळण्यासारखे एक होते. श्रीलंकेतल्या जाफन्याचे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर जवळच्या तिरुवैयारूला येऊन राहिले होते. त्यांची मुलगी तिथे गाणं शिकत होती. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "येतो की. मी काय बोलू?"

मी तोच प्रश्न प्राचार्यांपुढे ठेवला. ते म्हणाले, "बोलायचं कशाला? आभार मानू देत."

चर्चासत्राच्या सकाळी मी राजदूतांना आणायला तिरुचीच्या विमानतळावर गेलो. गृहस्थ मूळचे पुण्याचे. तंजावुरात पिढ्यानपिढ्या राहूनही आम्ही घरी मराठीच बोलतो हे ऐकून त्यांना भरून आलं, आणि त्यांनी लगेच माझी मराठी दुरुस्त करायला घेतली. मी 'अस्के आले' म्हटलं की ते म्हणत, "सगळे आले." अगदी प्रेमाने. धाकट्यांना सांभाळून घ्यायची सवय त्यांना नोकरीतच लागली असावी.

वाटेत मी विचारलं, "शेजाऱ्यांबद्दलचं आपलं धोरण खरं कशावर ठरतं?"

"भाषणात संस्कृती, इतिहास, बंधुभाव सगळं येईल," ते म्हणाले. "गाडीत आहोत म्हणून सांगतो. एरवी शेजाऱ्याची फाइल ढिगाच्या तळाशी असते. त्याच्या बंदराला चीनचं जहाज लागलं, की ती वर येते."

आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तर मागच्या रांगेत, बंद पंख्याखाली बसले होते. राजदूतांचं भाषण सुरू झालं. लहान देशांना आपण लहान आहोत असं कधी वाटू देऊ नये, हा मुद्दा त्यांनी इतका वेळ समजावला की प्रश्नोत्तरांची वेळ संपली आणि चहाचीही निम्मी गेली.

तेवढ्यात हेडक्लार्क प्राचार्यांच्या कानाशी लागले. रस्त्यापलीकडच्या कॉलेजने मास्तरांना संध्याकाळच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं, आणि त्यांचा बॅनर आमच्यापेक्षा मोठा होता.

प्राचार्य स्वतः उठले. व्यासपीठावर खुर्ची आली. मास्तरांना हाताला धरून वर आणलं गेलं, अंगावर शाल पडली. प्राचार्य माइकवर म्हणाले, "हे आमचे धाकटे भाऊ! यांना आम्ही कधी अंतर दिलेलं नाही."

मास्तर त्यांच्याहून चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे होते. राजदूत माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले.

मास्तर शांतपणे तमिळमध्ये बोलू लागले; मी राजदूतांशेजारी बसून त्यांना अर्थ सांगत गेलो. "मला आभार मानायला सांगितलं होतं, ते मानतो. लढाईत आम्ही उघड्यावर पडलो, तेव्हा याच किनाऱ्याने आम्हाला आसरा दिला. आता इकडच्या मोठ्या बोटी येतात आणि आमच्या कोळ्यांची जाळी फाडून जातात. तेही तमिळ, आम्हीही तमिळ. तक्रार केली की दिल्ली म्हणते, चेन्नईला विचारतो. चेन्नईत कसली तरी निवडणूक असते. मग आमचे पुढारी बीजिंगला जाऊन येतात, आणि दुसऱ्याच दिवशी दिल्लीचा फोन येतो. माझी विनंती एवढीच, फोन जरा आधी करत जा."

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी आधी राजदूतांकडे पाहिलं, मग तेही टाळ्या वाजवू लागले.

परतीच्या वाटेवर मी राजदूतांना विचारलं, "तुम्ही उत्तर का दिलं नाहीत?"

"काय देणार? बरोबर बोलले ते. फक्त सरकारी टिपणात असं लिहिता येत नाही."

संध्याकाळचा कार्यक्रम आटोपून मास्तर राजवाड्यामागच्या आमच्या घरी आले. काखेत दोन शाली. पत्नीने कॉफी पुढे केली आणि विचारलं, "दोन्हीकडे गेलात? कुणी रागावलं नाही?"

"अम्मा, मी एकाच ठिकाणी गेलो असतो, तर अजून मागच्या रांगेतच बसलो असतो," ते म्हणाले, आणि आणखी थोडी साखर मागितली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला गाठलं. मला वाटलं, कोळ्यांबद्दल काही विचारतील. त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं, "पलीकडच्या कॉलेजची शाल आपल्यापेक्षा भारी होती का हो?"