पाया पडणारी माणसं

"मावशी, किती जण बघायलेत?"

माझ्या बांगड्यांच्या दुकानाच्या पडद्याआडून हा प्रश्न आला, की समजायचं, समोरच्या लॉजवर कामाला असलेली आमची पोरगी बाजाराला निघाली. बाहेर डोळे टपलेलेच असायचे. मी बेधडक खोटं बोलायची. "कुणी न्हाय. लोकं तुळजापूरला देवीला येत्यात, तुला बघायला न्हाय. नीघ!" मग ती ओढणी सावरून निघायची.

लॉजवर खोल्या आवरायला आली तेव्हा ती शर्ट-पँटमध्ये होती. ढोकीकडच्या खेड्यातली. मग केस वाढले, कानात खडे आले, एक दिवस पंजाबी ड्रेस आला. सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, पण आवाज काही बदलला नव्हता. आवाज ऐकला की लोक वळून बघायचे, म्हणून बाजारात ती तोंडच उघडत नसे. भाजीसुद्धा बोटानं दाखवून घ्यायची. भाजीवाली तिला मुकी समजून हातवारे करायची. आम्ही दोघी त्यावर पोट धरून हसायचो.

पहिल्यांदा बांगड्या भरायला बसली तेव्हा हात नुसता ताठ. म्हटलं, "अगं, सैल सोड की. कुस्ती खेळायला आलीस का?" बांगड्या भरून झाल्या की बायका कासारणीला नमस्कार करतात, तशी तीही वाकली. "सुखी राहा बाई," मी सगळ्यांना म्हणते तेच म्हटलं. तर ही ढसाढसा रडायलाच लागली.

एसटीचं तर विचारूच नका. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर तिला वरून खाली बघायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "पूर्ण का अर्धं?" अख्खी गाडी माना वळवायची. ती मुकाट्यानं पूर्ण तिकीट काढायची. एकदा एका कंडक्टरनं काही न विचारता अर्धं तिकीट हातात ठेवलं, तर ते दाखवायला धावत आली. "मावशी, त्यानं इचारलं बी न्हाय!" पेढे वाटायचे तेवढे राहिले.

तुम्ही तुळजापूरला आला असाल तर आमच्याकडची रीत बघितली असेल. देवीची सेवा करणारे आराधी असतात, त्यांत साडी नेसलेले पुरुषही असतात. लोक त्यांना देवीचंच माणूस मानतात. त्यामुळं हिला बघून निम्मे लोक दात काढायचे आणि निम्मे पाया पडायचे. कुणी हिच्या ओंजळीत जोगव्याचं पीठ घालायचं. एक दिवस अशीच पिठानं भरलेली ओंजळ घेऊन दुकानात येऊन मटकन बसली. "मावशी, हसणाऱ्याला शिवी तरी देता येती. पाया पडणाऱ्याला काय म्हणावं? त्यांना बी मी दिसतच न्हाय."

तिला एकच हवं होतं. आपल्या आईनं आपल्याला असं बघावं, आणि तरी ओळखावं. वर्ष होऊन गेलं, घरी जायची हिंमत झाली नव्हती. पौर्णिमेला आई गावच्या बायकांबरोबर दर्शनाला येणार असं कळलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा साडी नेसली. निऱ्या मी घालून दिल्या. सकाळपासून दुकानापुढं उभी. देवळातून परतणाऱ्या कुण्या बाईनं आराधीण समजून तिच्या कपाळावर मळवट भरला. तो पुसायचा तिला धीर झाला नाही.

"मावशी, ती बघा माय. हिरव्या लुगड्यातली."

ती पुढं झाली. दोघी समोरासमोर. त्या माउलीनं मळवट बघितला आणि सरळ वाकली. पाया पडणारं माणूस तोंडाकडं बघत नाही हो! पायावर डोकं टेकवून म्हणाली, "आई, माझं लेकरू घरला येईना झालंय. त्येला सुखी ठेव. एकदा मला दिसू दे."

मला वाटलं, आता ही बोलेल. एक शब्द बोलली असती तर आईनं आवाज ओळखला असता. ओठ हलले. मग तिनं आईच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. माउली डोळे पुसत, समाधानानं गाडीकडं गेली.

"अगं, बोलली का न्हाईस?" मी ओरडलेच.

"देवी भेटल्यागत खुश झाली व्हती, मावशी. ती खुशी कशी हिसकावून घेऊ?"

त्याच आठवड्यात ती लॉज सोडून गेली. पुण्याला, असं म्हणतात. फोन लागत नाही. मी अजून लावून बघते.

परवा तिची आई माझ्या दुकानात आली. बांगड्या भरायला हात पुढं करून म्हणाली, "हितं पुनवेला एक उंच आराधीण उभी व्हती. तिनं डोक्यावर हात ठिवला, लई बरं वाटलं वो जिवाला. कुठं गेली?"

मी तिचा हात हातात घेतला. सांगायचं की नाही, हे त्या पोरीनं ठरवायचं होतं, मी नाही.

"आराधीण नव्हती ती," एवढंच म्हटलं. "साधी पोरगी होती. लॉजवर कामाला होती."

"व्हय का?" माउलीला नवल वाटलं. "गुणाची व्हती. कुणाची लेक वो?"

तिचा हात माझ्या हातात होता. मी तो तसाच धरून बसले.