आप्पांची दुसरी किल्ली

मी शेवटची दारू प्यालो तेव्हा सगळ्यांनी शिव्या दिल्या.
आप्पांनी किल्ली दिली.

आज सकाळी वरवंडला आप्पा गेले. वय झालं होतं. पण गेले ते शुद्धीत, याचा मला लई अभिमान आहे.

पूर्ण नाव लिहीत नाही, फोटोही टाकत नाही. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा तो नियमच आहे.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. मी रांजणगावला कंपनीत ऑपरेटर, राहायला कवठ्याला.

घरच्यांनी काही करायचं ठेवलं नव्हतं. डॉक्टर झाला. चहातून औषध झालं. येमाईचा भंडारा उचलून तीनदा शपथ झाली. तिन्ही मोडल्या. देवीच कंटाळली असेल.

सगळे खरंच सांगत होते हो. पण सांगणाऱ्यांतला एकही जण कधी प्यायलेला नव्हता.

मग बायकोनं ओढत शिरूरच्या मीटिंगला नेलं. पत्र्याची खोली, दहा-बारा माणसं. धोतरातला एक म्हातारा उठला.

"मी आप्पा. मी बेवडा हाय. आज प्यायलो न्हाई."

एवढंच बोलून खाली बसला. दारूवरचं भाषण मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

अकरा महिने टिकलो.

मग खंडेनवमी आली. कंपनीत मशीनची पूजा, पेढे, लवकर सुट्टी. आणि ढाब्यावर पार्टी.

"अकरा महिने झालेत की, एकानं काय होतंय?"

हे मला कुणी म्हणालं नाही बरं का. मीच मला म्हणालो.

चार दिवस शुद्ध नव्हती. कामावर गेलो नाही. बायकोनं माहेरी जायला पिशवी भरली. आणि मीटिंगला कुठल्या तोंडानं जाणार?

पाचव्या दिवशी आप्पाच घरी आले. एस.टी. बदलत बदलत, वरवंडहून.

"जेवलास का?"

"आप्पा, मी प्यालो."

"ते दिसतंयच की. जेवलास का, ते इचारतोय."

मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "रविवारी मला मेंढरांचं काम हाय. दहाला खोली तू उघडायची."

"मी? काल प्यायलेल्याच्या हातात किल्ली?"

"मग कुणाच्या? खोलीसमोर देशीचं दुकान हाय. दाराला कुलूप दिसलं तर आपली माणसं कुठं जात्याल?"

बायको आतून ऐकत होती. "रविवारपर्यंत थांबते," म्हणाली.

रविवारी मी नऊलाच हजर. हात एवढा थरथरत होता की किल्ली कुलपात जाईना. मागं दुकान उघडलेलं. तिकडं पाठ करून रडत रडत कुलूप काढलं, चटया टाकल्या.

पहिला माणूस आला तो आप्पाच! आठपासून शेजारच्या चहाच्या टपरीवर बसून होते म्हणे.

"आप्पा, मेंढरांचं काम?"

"कसली मेंढरं? ती कवाच दारूत गेली."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"दुसरी किल्ली हाय की माझ्याकडं."

मी हसलो. सगळा भार माझ्यावर नव्हता म्हणून जरा बरंही वाटलं.

घरी गेलो तर बायकोनं पिशवी रिकामी करून खुंटीला अडकवली होती.

तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली. जो घसरला, त्याच्याकडं किल्ली. सगळे सावरले असं खोटं कशाला सांगू? पण बरेच सावरले. मी त्यातला एक.

आज स्मशानात आम्ही मीटिंगवाले एका बाजूला उभे होतो. खोलीचे मालकही आले होते. मी त्यांना म्हणालो, "आप्पांकडची दुसरी किल्ली घरच्यांकडून मागून घ्यायला पाहिजे."

मालक म्हणाले,

"दुसरी कुठली? त्या कुलपाला पहिल्यापासून एकच किल्ली हाय."



म्हणजे त्या रविवारी आप्पा टपरीवर रिकाम्या हातानं बसले होते. दहा-बारा जणांची दारू सुटलेली राहणार का नाही, ते सगळं माझ्या थरथरत्या हातावर सोडून.

माझ्या आईनंसुद्धा तेव्हा माझ्यावर एवढा भरवसा टाकला नसता.

आप्पा, मागच्या आठवड्यात एक जण घसरलाय. किल्ली त्याच्याकडं दिलीय. रविवारी आठला टपरीवर मी बसतो. त्यानं विचारलं तर सांगेन, दुसरी किल्ली हाय की.

निवांत जावा आप्पा. हात जोडतो.

आज प्यायलो न्हाई.