कोळशाच्या धुळीतला राहिलेला चौकोन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे... आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा डबा खाता खाता हसायला म्हणून वाचते. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कोणाची गाडी नेमकी चिंचेखाली बंद पडते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. काचेखाली जे दिसेल ते लिहायचं, नाही दिसलं तर नाही लिहायचं, एवढंच मला शिकवलंय. तेव्हा हे लिहायला बसल्यावर माझं मलाच हसू यायला हवं होतं. आलं नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी यायला हव्यात तेव्हा येत नाहीत.

आम्ही वणीला राहतो, यवतमाळ जिल्ह्यात. चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला भाड्याच्या दोन खोल्या. दारासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, आणि ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी धूळ उडायची ती उडतेच. सकाळी वाळत घातलेली ओढणी दुपारी करडी होते. भिंतींचं तर विचारूच नका. दिवाळीला चुना मारला की होळीपर्यंत काळा थर.

घरात तीन माणसं होती. मी, धाकटा भाऊ आकाश आणि याडी. आम्ही बंजारा, मूळचे घाटंजीकडच्या एका तांड्यावरचे. आमच्यात आईला याडी म्हणतात आणि मोठ्या बहिणीला बाई. बापू, म्हणजे वडील, आम्ही शाळेत असतानाच गेले. याडी घरात गोरबोलीच बोलते, पण इथे तिचं बोलणं मी आपल्या वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

आकाशचं रेडियमचं दुकान होतं. ट्रकच्या मागे चमकतात ते मोर, वाघाचे डोळे, देवाची नावं तो रेडियममधून कापायचा. पण त्याचा खरा जीव भिंतींवर. रविवारी तो मला स्कूटीवर मागे बसवून गावभर फिरवायचा, निव्वळ भिंती पाहायला. लोक आपल्या पाहुण्यांना देऊळ दाखवतात, हा मला मुताऱ्यांच्या मागच्या भिंती दाखवायचा.

शाळेच्या भिंतीवर पोरांनी कोळशानं काढलेले स्टंप असायचे. तिथं स्कूटी थांबवून म्हणायचा, "बाई, मधला स्टंप पाय. चेंडू लागू लागू पुसला, तरी कोणीतरी रोज नव्यानं काढून राह्यलं." एका गोदामावर बदाम आणि त्यात दोन नावं होती. त्यातलं एक नाव कोणीतरी खरवडलं होतं, आणि खरवडलेल्यावरच पुन्हा कोरलं होतं. त्यापुढे तो एखाद्या पेंटिंगपुढे उभं राहावं तसा उभा राहायचा. एका शाळेवर जगाचा नकाशा रंगवला आहे, त्यात भारताच्या मधोमध कोणीतरी खिळ्यानं टिंब करून लिहिलंय, "आपन येथे". ते त्याचं सगळ्यात आवडतं. स्वच्छतेसाठी रंगवलेल्या सरकारी भिंती मात्र त्याला अजिबात आवडायच्या नाहीत. "सगळ्या बाया एकाच दातानं हासून राह्यल्या," म्हणायचा.

स्वतः तो रंग वापरायचाच नाही. काळ्या भिंतीवरची धूळ पुसून चित्र काढायचा. बोटाला ओलं फडकं गुंडाळायचं, बारीक रेघेला जुना टूथब्रश, सरळ रेघेला रेडियमचा उरलेला तुकडा. पुसलं तेवढा चुना पांढरा उघडा पडायचा. काढायचा काय तर याडीच्या कशिद्यातले नमुने, चौकोनांत चौकोन, कवड्यांच्या ओळी आणि खाली पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची रांग. आमचे पूर्वज असेच बैलांवर धान्य आणि मीठ वाहून न्यायचे. त्याचे बैल नेहमी ट्रक जायचे त्याच दिशेनं चाललेले असायचे. महिन्या-दोन महिन्यांत धूळ बसून चित्र जायचं. तो म्हणायचा, जाऊ दे, मी आहो ना.

आता एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. याडीची एक सवय आहे. घरातलं कोणी बाहेर जाणार असलं की ती त्याच्यासाठी पिशवी किंवा रुमाल कशिद्यानं भरायला घेते, आणि कोपऱ्यातला एक चौकोन रिकामा ठेवते. माणूस परत आला की मग तो भरते. मी यवतमाळला लॅबचा कोर्स करायला गेले तेव्हा माझ्या पिशवीचा चौकोन रिकामाच होता. "काम रायलं की माणूस येते," असं तिचं साधं गणित. तांड्यावर बाकी कोणी असं करताना मी पाहिलं नाही, हे तिचंच. आणि आकाशनं ते उचललं होतं. त्याच्या प्रत्येक चित्रात पहिल्या बैलाच्या गोणीवरचा एक चौकोन न पुसता काळाच ठेवलेला असायचा.

आकाश गेल्या हिवाळ्यात गेला. दुकान बंद करून पायी घरी येत होता, ट्रकनं मागून उडवलं. मला लॅबमध्ये फोन आला. मी हातमोजे काढले, हात धुतले, सुरू असलेली तपासणी दुसऱ्या मुलीला समजावून दिली आणि मग गेले. ओळख मीच पटवली. रडले नाही. तेराव्यापर्यंत बायका माझ्याकडे पाहून आपापसात बोलायच्या, मला ऐकू यायचं, आणि त्याचंही काही वाटायचं नाही. भाजीला मीठ घातलं की नाही हे कळायचं नाही, इतकंच.

याडीनं सुई खाली ठेवली. आकाशचं लग्न ठरवायचं चाललं होतं, त्यासाठी ती एक मोठा रुमाल भरत होती. एका कोपऱ्यातला चौकोन तेवढा राहिला होता. रुमाल घडी करून पेटीत गेला.

रविवारी मी स्कूटी काढायची आणि त्याच भिंतींवरून जायची. का, ते माहीत नाही. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. त्याची चित्रं एकेक करून धुळीखाली जात होती. स्टंप तसेच होते.

कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीवर मला ते पहिल्यांदा दिसलं. चित्र पार गेलं होतं, सगळी भिंत एकसारखी काळी. फक्त एक तळहाताएवढा चौकोन लख्ख पांढरा. मी जवळ गेले. तो काळा ठेवलेला चौकोन. तोच पुसला होता. खालच्या कडेला पुसण्याचा शेवट डावीकडे किंचित वळवलेला. आकाश डावखुरा होता आणि फडकं उचलताना त्याचा हात असाच वळायचा.

समोर चहाची टपरी आहे. टपरीवाले काका आम्हाला चांगले ओळखतात. त्यांना विचारलं.

"कोणी पुसून गेलं का हो काका, इथं?"

"नाई व बापा. मी त दिवसभर इथंच असतो. कोणाले पायलं नाई." मग त्यांनी पाहिलं, आणि चहाचं भांडं खाली ठेवलं. "तुह्या भावाचं होय का व ते?"

मी म्हटलं, पोरं करतात काका. मला तसंच वाटत होतं. त्याचा कोणी चाहता असेल, नक्कल करणारा. पण पुढच्या रविवारी गोदामाच्या भिंतीवर तेच. मग शाळेच्या मागे तेच. आकाशनं ज्या क्रमानं चित्रं काढली होती त्याच क्रमानं. तो क्रम माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, कारण प्रत्येक वेळी पाण्याची बाटली धरून मीच उभी असायची.

मला भीती वाटली नाही. बरंही वाटलं नाही. मला फक्त तपासायचं होतं. पुढचं चित्र रेल्वे फाटकाकडच्या भिंतीवर पुसटसं उरलं होतं, चौकोन अजून काळा होता. मी लॅबमधून रुंद पारदर्शक चिकटपट्टी नेली, चौकोनावर सरळ चिकटवली, बोटानं दाबली, आणि आम्ही सॅम्पल सील करतो तशी पट्टीच्या कडेवरून भिंतीपर्यंत पांढऱ्या मार्करनं सही केली. पट्टी काढली की सही तुटणार. शिवाय कोळशाची धूळ आणि चिकटपट्टी, म्हणजे काढताना काळं सगळं पट्टीला लागून येणारच.

पुढच्या रविवारी पट्टी जिथल्या तिथे होती. सही अखंड. आणि पट्टीच्या आत, पारदर्शक प्लास्टिकखाली, चौकोन पांढरा.

मी नखानं पट्टी सोडवली आणि उन्हात धरली. चिकट बाजूला, चौकोनाच्या जागी, काळा एक कणही नव्हता. ती पट्टी मी लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपखालीसुद्धा पाहिली... चुन्याचे चार-दोन कण. कोळसा नाही. मी ती कचऱ्यात टाकली आणि पुढचं सॅम्पल घेतलं. आज वाटतं जपून ठेवायला हवी होती. तेव्हा असं काही वाटायचंच नाही.

घरी आल्यावर याडीला सांगितलं. तिला बरं वाटेल म्हणून सांगितलं. ती डाळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"सगळे भरून राह्यला का तो?"

"हाव. एकच रायला आता. आपल्या समोरचा."

आमच्या दाराच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे एका बंद गोदामाची भिंत आहे. आकाशचं शेवटचं चित्र तिथलं, जायच्या आदल्याच दिवशी काढलेलं. चहा पिता पिता याडीला दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर याडी रस्त्यापलीकडे त्या भिंतीशी विटेवर बसलेली. रस्त्यावरची काळी धूळ मुठीत घेऊन त्या चौकोनावर चोळत होती. मी विचारलं, हे कायले? ती म्हणाली, "हे पुरं झालं की त्याचं इथलं सरलं. मंग तो कायले येईन?"

त्यानंतर ती रोज तिथे बसायला लागली. सकाळी भाकरी टाकायची नाही, मी टाकलेली खायची नाही. ट्रक हातभर अंतरावरून जायचे. डोळे लाल, खोकला सुरू झाला. शेजारच्या बाया समजावून गेल्या, डॉक्टरांचं औषध आणलं, ते पिशवीतच राहिलं. मी रागावले, मग रागवायचंही बंद केलं. मला स्वच्छ दिसत होतं, ही अशीच बसून राहिली तर ही पण जाणार. आणि ते दिसत असूनही माझ्या आत काही हलत नव्हतं. त्याची मात्र मला भीती वाटली.

एक दिवस दुपारी जेवायला घरी आले. ऊन चांगलं तापलं होतं. याडी विटेवर, डोक्यावरून पदर, आणि उजवा तळहात त्या चौकोनावर घट्ट दाबून धरलेला. शेजारच्या एका बाईनं सांगितलं, सकाळपासून हात काढला नाही.

"याडी, चल. जेवून घे."

"हात काढला त भरून टाकन तो."

मी तिच्या शेजारी मातीत बसले. लॅबचा पांढरा कोट अंगावरच होता. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मला काही ठरवून बोलायचं नव्हतं, पण तोंडातून निघालं, "तो गेला याडी. मी त आहो ना. मी बी रोज घरी येतो, मले कोणी वाट पायलेलं दिसत नाई. तू अशी बसली त मी कोणापाशी येऊ?"

बोलताना माझा आवाज फाटला. किती महिन्यांनी, ते आठवत नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू मी परगावाहून आले आहे. मग हात भिंतीवरून काढला.

चौकोन पांढरा होता. लख्ख, कडा सरळ, आणि खाली डावीकडे ती किंचित वळलेली रेघ. मी भिंत सोडून तिचा हात पाहिला. बोटांच्या बाहेरच्या बाजूला, नखांत, मनगटावर काळं होतं. तळवा स्वच्छ होता. सकाळपासून कोळशावर दाबून धरलेला तळवा, आत्ताच पाण्यानं धुतल्यासारखा... आणि मी हात लावला तेव्हा ओला.

याडीनं तळवा उलटसुलट करून पाहिला. घामही असू शकतो, हे मीच तुम्हाला सांगते. पण धूळ कुठे गेली, ते मला सांगता येत नाही.

"भरला त्यानं," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "चाल, भाकर थंडी झाली असन."

जेवली. जेवण झाल्यावर पेटीतून तो रुमाल काढला, सुईत दोरा मला ओवायला लावला आणि राहिलेला कोपरा भरला. मी समोर बसून होते. दोघी रडलो, पण मोठ्यानं नाही. दुपारच्या पाळीला लॅबमध्ये उशिरा पोहोचले.

यातलं मला काहीच समजावून सांगता येत नाही. चिकटपट्टीचं नाही, क्रमाचं नाही, तळव्याचं तर नाहीच. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, पण पोरांनी केलं असेल असं लिहू नका, ते मी स्वतःला पुरेसं सांगून झालंय. नंतर कुठल्याच भिंतीवर काही झालं नाही. सगळे चौकोन हळूहळू धुळीखाली गेले, समोरचाही. एकदा मी फडकं ओलं करून तिकडे गेलेही होते. याडीनं दारातूनच हाक मारली, "राहू दे व." मी परत फिरले.

आता तिनं नवी पिशवी भरायला घेतली आहे. कवड्यांची ओळ झाली, बैल झाले. कोपऱ्यातला एक चौकोन मात्र रिकामा ठेवलाय. मी म्हटलं, हा कोणासाठी व याडी, आता कोण बाहेर चाललं?

सुईवरून नजर न काढता ती म्हणाली, "तू रोज जातं ना लॅबमंदी."

लॅब सुटली की हल्ली मी भिंती पाहत नाही. सरळ घरी येते.